एक जूनची माणसं

सोमवार, ३ फेब्रुवारी

झालं! जळगाव आणि धुळे — दोन्ही सेंटरचे एक्स-रे आता एकाच डेटाबेसमध्ये. मालक ललित सर खूश. जुळवणीचा नियम मात्र त्यांचाच राहिला : नाव, आडनाव, जन्मतारीख जुळली की दोन नोंदींची एक. मी ईमेलवर विरोध केला होता. "एवढी कसली किचकिच? एका पेशंटची चार-चार खाती बरी दिसतात का? पुढच्या महिन्यात तपासणीला माणसं येणार." बरं.

'सुनंदाबाई पाटील' टाकून आईचा रिपोर्टही शोधला. खोकला जात नव्हता म्हणून पारोळ्याहून धुळ्याला जाऊन फोटो काढून आली होती. 'फुप्फुसे स्वच्छ.' लगेच फोन केला. "मी सांगेल व्हतं ना तुले? धूयना खोकला शे!" धुळीचाच खोकला ठरला म्हणून जिंकल्यासारखी हसली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

धुळ्याहून अभिमनभाऊंचा फोन. तिथले एक्स-रे तेच काढतात.

"ताई, तुमनं कम्प्युटर येडं व्हयनं का? मोगराबाई पावरा रिपोर्ट लेवाले उनी, तं तिनी छातीमा डाग दखाडस! फोटो मी सोता काढेल शे, एकदम साफ व्हता."

नोंद उघडली. एक नाही, दोन बायका! एक शिरपूरकडची — धुळ्याला आलेली, निरोगी. दुसरी चोपड्याच्या वरच्या पाड्यावरची — जळगावात टीबीचे उपचार चालू. नाव तेच, आडनाव तेच. जन्म १ जून १९८०, दोघींचाही.

"एक जूनच राहनार ना, ताई! शाळामा गुरुजीस्नी बठ्ठासले एकच तारीख दिन्ही. मनी बी एक जूनच शे!"

चोपड्याच्या मोगराबाईंच्या दंडात चांदीची वाकी आहे. निघत नाही, म्हणून फोटोतही उतरली — कडेला पांढरी कमान. पण नोंदीत सगळ्यात वर आहे ते चित्र बिनवाकीचं, शिरपूरच्या बाईचं. आमच्या जळगावच्या डॉक्टरांनी मंगळवारी तेच पाहिलं आणि चोपड्याच्या बाईंना लिहून दिलं : 'डाग गेला. गोळ्या बंद.'

अर्ध्यावर!

तारीख गुरुजी देतात. हाडं ज्याची त्याची असतात. आईच्या गळ्याखालच्या डाव्या हाडावर गाठ आहे, लहानपणी बैलगाडीवरून पडली होती. असं काही कोणत्याच रकान्यात मावत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

ललित सर. दार लावून.

"दोन्ही वेगळ्या करून टाक. गाजावाजा नको."

म्हटलं, बदलाची नोंद आपोआप पडते.

"मग ती पुस."

पुसता येत नाही. मीच तशी बांधली आहे.

"कोणासाठी बांधलीस?"

आजच्यासारख्या दिवसासाठी, सर. — तोंडातून निघून गेलं. बरं झालं!

"पारोळ्याहून आलीस, एसीत बसवलं, आता मलाच शिकव! आणि त्या बाईचं तिचा सरकारी दवाखाना बघेल ना."

तो आपलाच रिपोर्ट बघतो, म्हटलं. आणि बाहेर आले.

नोंदी वेगळ्या केल्या. चूक काय, कशामुळे, नियम कोणाचा — सगळं लिहिलं. खाली माझं नाव. कामिनी पाटील. मग डॉक्टरांना दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावून दाखवली. त्यांनी वाकीवर बोट ठेवलं. "फोन लावा," म्हणाले.

नंबर चोपड्याच्या मोगराबाईंच्या पुतण्याचा, बादलचा. "काकी बकऱ्या घेऊन वर गेलीय. गोळ्या फेकल्या ना मॅडम! तुम्हीच सांगितलं बंद कर म्हणून."

हो, आम्हीच. चुकीचं सांगितलं. उद्या घेऊन या.

"परत बंद करायला नाही ना सांगणार?"

बरोबर विचारलं त्याने.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मोगराबाई आल्या. वाकी तशीच. डागही तसाच. डॉक्टरांनी माफी मागितली — चक्क! — आणि सरकारी दवाखान्यात स्वतः फोन केला. गोळ्या पुन्हा सुरू.

निघताना मला नीट न्याहाळून बादलला त्यांच्या बोलीत काही म्हणाल्या. तो हसायला लागला. "काकी म्हणते, ती दुसरी मोगराबाई कोण, ते एकदा दाखवा. माझा आजार बरा करून गेली!"

ललित सरांचा मेसेज : 'सोमवारी पासवर्ड जमा कर.' करीन की. सोमवारी. तोवर तो माझा आहे. एक जूनच्या जेवढ्या नोंदी जोडल्या गेल्या, सगळ्या उघडणार. रिपोर्ट वाचायचे नाहीत. चित्रं बघायची.

रविवार, ९ फेब्रुवारी

सुनंदाबाई पाटील. १ जून १९६८.

वरच्या चित्रात गळ्याखालची दोन्ही हाडं सरळ.

त्याखाली आणखी एक चित्र आहे. डाव्या हाडावर गाठ. उजव्या फुप्फुसात डाग.