ग्लिनवेन चषकाच्या फेरशर्यतीची तरतूद

मी, ग्विलिम प्रॉसर, वय सत्तावन्न, धंदा बस-दुरुस्ती, राहणार चॅपल रस्ता, ग्लिनवेन, वेल्स, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. फुफ्फुसांनी साथ सोडली आहे, डोक्याने नाही. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. तो माझी थोरली बहीण एर्लिस हिला आधी दाखवावा. तिचा विश्वास बसायचा नाही.

१. घर एर्लिसची मुलगी, माझी भाची नेस्ट हिला. तिची आई माझ्याशी बोलत नसताना ती दर गुरुवारी मटणाचं कालवण घेऊन आली. त्यात मीठ नसायचं, ते माफ.

२. माझी हत्यारं बस आगारातल्या पोरांना. व्यवस्थापकांना काही देऊ नये; त्यांना पाना धरता येत नाही.

३. ग्लिनवेन चषक. आजोबांच्या वेळच्या खाणकामगारांनी जुन्या खाणदिव्यांचं पितळ ओतून तो केला. दर ऑगस्टात ग्रेहाउंड कुत्र्यांची शर्यत व्हायची, जिंकणाऱ्याचं नाव त्यावर कोरलं जायचं. खाण बंद पडली तरी शर्यत चालू राहिली; शनिवारी माणसांनी जायचं तरी कुठे? शेवटच्या अंतिम फेरीत माझी सेरेन आणि ताईचा ब्रान वळणावर एकमेकांवर आदळले.

"गिली, तुझ्या कुत्रीनं मुद्दाम धक्का मारला!"

"ताई, तुझ्या कुत्र्याला वळण दिसत नाही. तुझ्यावरच गेलाय."

पंचांनी फेरशर्यत पुढच्या शनिवारी ठेवली. त्याआधीच मैदान विकलं गेलं, फाटकाला कुलूप लागलं. आता तिथे गोदाम आहे. चषकावर त्या वर्षाची जागा कोरी आहे, आणि आमचं बोलणं तेव्हापासून बंद. चषक ताईला द्यावा, पण पाचवं कलम पार पडल्यावर.

४. सेरेन. हिला जिना चढता येत नाही. शर्यतीच्या कुत्र्यांना लहानपणी जिना भेटतच नाही. आता मलाही चढवत नाही, म्हणून आम्ही दोघं खालच्या खोलीत झोपतो. मी खोकलो की ती उठून उभी राहते. नेस्ट दिवसभर रुग्णालयात कामाला असते, आणि ही एकटी राहिली की रडते. ताईचं घर बैठं आहे, तिथे ब्रान आहे. सेरेन तिथेच जावी. "त्याची कुत्री माझ्या उंबऱ्याच्या आत नको," असं ताई म्हणाल्याचं कानावर आलं आहे. पण भांडण आमचं. त्या दोघांना ते कुणी सांगितलेलं नाही.

५. गोदामामागे मैदानाचं तेवढं वळण शिल्लक आहे. मला पुरल्यावर ताईने दोन्ही म्हातारी कुत्री तिथे न्यावीत. पळवू नयेत, चालवावीत. जे पुढे निघेल त्याचं नाव कोरावं. पंच ताई. तिच्या निकालावर हरकत घ्यायला या वेळी कोणी नसेल.

साक्षीदार: ओवेन टेगार्ट, पोस्टमन; मेनिर पिउ, शेजारीण. दोघांनाही कुत्र्यांत रस नाही, म्हणून निवडले.

सही: ग्विलिम प्रॉसर
ठिकाण: ग्लिनवेन, खालची खोली
दिनांक: ३ मार्च