माझ्या हातची शिलाई

१९ ऑक्टोबर

पाणी दुकानाच्या दुसऱ्या पायरीवर उतरलंय. काल चौथीवर होतं. वही पोटमाळ्यावर कापडाच्या ताग्यांत होती म्हणून वाचली. कुणाशी बोलवत नाही, म्हणून लिहितेय.

धाकटी अजून आलेली नाही. आज तिसरा दिवस.

दोघी जावा आम्ही. बारा वर्षं याच दुकानात समोरासमोर दोन मशीनवर बसतोय. हे गेले तेव्हा मी मशीनला हात लावत नव्हते, तेव्हा तिनंच माझ्यापुढे कापड टाकलं होतं आणि म्हणाली होती, "ताई, रडायचं तर रडा, पण पाय चालू ठेवा."

वादळाच्या दुपारी तिला मीच पाठवलं. किनाऱ्याकडच्या गल्लीत चार घरी शिवलेले कपडे पोचवायचे होते. ती म्हणाली, "आज नको ना ताई, वारा बघा कसा सुटलाय." मी म्हटलं, "गिऱ्हाईकाला शब्द दिलाय. वादळ रात्री येणार म्हणून सांगतायत, तू तासाभरात परत येशील." वादळ चार वाजताच आलं.

भाऊजींनी विचारलं, "वहिनी, तिला नेमकं कुठं पाठवलं होतंत?" मी घरं सांगितली. ते कंबरभर पाण्यातून जाऊन आले. म्हणाले, "कुठलं घर कुठं होतं तेच कळत नाही. गल्लीच नाही उरली."

पुढे काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

२० ऑक्टोबर

आजही नाही.

२१ ऑक्टोबर

मोठ्या शाळेच्या हॉलमध्ये गेले होते. सापडलेली माणसं मागच्या अंगणात आहेत, तिथं कुणाला सोडत नाहीत. पाण्यात चार-पाच दिवस राहिलेल्या माणसाचा चेहरा चेहरा राहत नाही, असं दारावरचा शिपाई म्हणाला. हॉलमध्ये फक्त कपडे. प्रत्येकाचे एका पारदर्शक पिशवीत, पिशवीवर नंबर. बाकांवर रांगेनं मांडलेत. लोक बाकांमधून हळूहळू चालतात, बाजारात भाजी बघत जावं तसे. कुणी मोठ्यानं रडत नाही. वास मात्र कपड्यांत, केसांत, घशात बसतो.

धाकटीनं त्या दिवशी राखी रंगाचा ड्रेस घातला होता. स्वतःच शिवलेला, चौकोनी गळ्याचा. राखी कुठं दिसला नाही.

परत फिरले आणि चोवीस नंबरपाशी पाय थांबले. पांढरा सदरा, उजवी बाही डावीपेक्षा दीड बोट आखूड. बेकरीवाल्याचा उजवा हात लहानपणी मोडून वाकडा बसलेला, त्याच्या मापानं मीच कापली होती ती बाही. तोंडातून निघून गेलं, "हा बेकरीवाला."

टेबलाशी रजिस्टर घेऊन एक बाई बसतात. केस पांढरे, नाकाला ओला रुमाल. त्यांनी मान वर केली. "कशावरून?"

मी शिवण उलटी करून दाखवली. टीप संपते तिथं मी तीन उलटे टाके घालते. धाकटी दोन घालते. गावात दुसरं कुणी इतका त्रास घेत नाही.

रजिस्टरवाल्या बाईंनी ते टाके बोटानं मोजले. मग म्हणाल्या, "उद्या येता का? दोनशेच्या वर पिशव्या आहेत, आणि अर्ध्यांना नाव नाही."

२३ ऑक्टोबर

दोन दिवसांत अकरा जण ओळखले. रोज जाते. लोकांना वाटतं, मी परोपकार करतेय. खरं सांगायचं तर नव्या पिशव्या सगळ्यांच्या आधी मला बघायला मिळतात, म्हणून जाते. दर पिशवी हातात घेतली की आधी रंग बघते. राखी नसला की सुटल्यासारखं वाटतं, आणि मग ज्याचा असतो त्याची लाज वाटते.

हातांना सगळं आठवतं. ही बाई गरोदर होती, म्हणून बाजूच्या शिवणीत पुढे उसवता येईल अशी जास्त माया सोडली होती. हा म्हातारा खिसा खोल मागायचा. हे नवऱ्या मुलाचं जाकीट, अजून एक फिटिंग बाकी होतं.

कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, "जिवंतपणी मापं घेतलीत, आता मेल्यावरही तुम्हीच?" टोमणा नव्हता तो. त्याचा भाऊ मीच ओळखला होता.

२४ ऑक्टोबर

धाकटीची चिमणी आता माझ्याजवळ झोपते. नऊ वर्षांची आहे, पण या आठवड्यात म्हातारी झाली. आज आईच्या मशीनमधला चिखल जुन्या टूथब्रशनं काढत बसली होती. मी म्हटलं, राहू दे. तर म्हणाली, "आई आल्यावर ओरडेल ना, मोठी आई. शटलला गंज चढला तर ती ओरडतेच."

थोड्या वेळानं विचारलं, "तुम्ही राखीच शोधताय ना?"

"हो गं."

"मिळाला नाही म्हणजे चांगलं ना?"

मी हो म्हटलं.

२६ ऑक्टोबर

आज लायब्ररीवाल्या बाईंचे यजमान आले होते. परगावी नोकरीला असतात. रस्ता खुला झाल्यावर काल पोचले, तर घर जमीनदोस्त. किनाऱ्याच्या गल्लीतलंच घर. बायकोचा पत्ता नाही. दोन्ही हातांत टोपी धरून बाकांमधून फिरत होते. रजिस्टरवाल्या बाईंनी विचारलं, अंगावर काय असेल? म्हणाले, "ती... हिरवं घालते. बहुतेक हिरवं." पुरुषांना आयुष्यभर शेजारी वावरणारा रंग सांगता येत नाही.

एकशे बारा नंबर. बाटलीहिरवा ड्रेस, दोन्ही बाजूंना खिसे, किल्ल्यांसाठी आतून दुहेरी कापड. ऑगस्टमध्ये मीच शिवला होता. बाई उंच, म्हणून कापड पुरता पुरेना, खालच्या घडीत जेमतेम बोटभर माया सोडता आली होती. शिवण उलटवली. तीन उलटे टाके.

कमरेला आतून एक सेफ्टी पिन होती. मनाशी म्हटलं, बाई बारीक झाल्या होत्या तर माझ्याकडे यायचं, पाच मिनिटांत आत घेऊन दिला असता.

यजमानांनी विचारलं, "नक्की?"

मी म्हटलं, "माझ्या हातची शिलाई मी नाही ओळखणार?"

एवढं ठासून बोलायची गरज नव्हती. पण ते माझ्या तोंडाकडे असे बघत होते, की 'बहुतेक' म्हणायची हिंमत झाली नाही. त्यांना 'बहुतेक' घेऊन घरी जाता आलं नसतं. घर तरी कुठं होतं म्हणा.

त्यांनी एकदा तोंड बघू द्या म्हटलं. रजिस्टरवाल्या बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "नका बघू. जशी आठवते तशी राहू द्या." त्यांनी ऐकलं. मी साक्षीदार म्हणून सही केली.

संध्याकाळी निरोप द्यायला मीही गेले. सात माणसं होतो. लायब्ररीतला शिपाई रडला. मीही रडले, फार रडले. यजमानांना वाटलं बाईंसाठी. मी आपल्या माणसासाठी रडून घेत होते. असं परक्याच्या पदरात रडणं चोरीच म्हणायची.

घरी भाऊजी म्हणाले, "ज्यांचं सापडतं ते सुटतात."

२८ ऑक्टोबर

राखी नाही. नकोच सापडू बाई.

३० ऑक्टोबर

शेवटी भाऊजी बोलले. दहा दिवस तोंडात गुळणी धरून होते. फेरीबोटीच्या इंजिनातला गाळ काढून आले होते, हात कोपरापर्यंत काळे. मी पाणी द्यायला गेले तर तांब्या घेतला नाही.

"चार कपड्यांपायी पाठवलंत तिला."

"हो."

"ती नको म्हणत होती. चिमणीनं सांगितलं मला."

"हो."

"दुसरं काही बोला ना वहिनी. भांडा तरी."

कशी भांडणार? ते म्हणाले त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी तिथंच उंबऱ्यावर बसले. थोड्या वेळानं तेही बसले. मग उठून त्यांनी दुकानाचं फुगलेलं दार रंधा मारून सरळ केलं. संध्याकाळपर्यंत तेच करत होते. जाताना म्हणाले, "आता लागतं नीट." माफी नव्हे ती. पण उद्याही येतील एवढं कळलं.

२ नोव्हेंबर

हॉल रिकामा करतायत, शाळा सुरू व्हायचीय. ज्यांना कुणी आलं नाही त्यांच्या पिशव्या एका खोलीत नेऊन ठेवल्या. शेवटची पिशवीसुद्धा बघितली. राखी नाही. रजिस्टरवाल्या बाई म्हणाल्या, "चौसष्ट नावं तुमच्यामुळे लागली. चौसष्ट घरं तुम्हाला दुवा देतील." मग आवाज खाली आणून, "तुमचं माणूस यात नाही. मी तुमच्या जागी असते तर आशा सोडली नसती." सरकारी माणूस सहसा असं बोलत नाही.

खाडीपलीकडच्या दवाखान्यात नाव न सांगता येणारे रुग्ण आहेत म्हणे. भाऊजी बोटीनं जाऊन आले. तीन बाया आहेत, एक शुद्धीवर नाही. तिघींपैकी एकही आपली नाही. पण आणखी पुढच्या गावातही असेच नेलेत, तिथं यादी अजून झालेली नाही. परवा तिकडे जाणार.

कितीतरी दिवसांनी आम्ही तिघं एकत्र जेवलो. चिमणीनं दोनदा मागून घेतलं.

४ नोव्हेंबर

चिमणीचा शाळेचा ड्रेस शिवला. पोरगी वाढतेय, खाली चार बोटं माया सोडलीय. धाकटीच्या मशीनवर शिवला, माझं अजून अडकतं. तिचं पायडल हलकं आहे. मला कधी बोलली नाही. मी बारा वर्षं जड मशीनवर बसले आणि हिनं कधी सांगितलं नाही! आली की पहिलं हेच विचारणार.

भाऊजी पुढच्या गावाहून परतले. तिथं नाही. पण त्याच्याही पुढे एक ठिकाण आहे.

७ नोव्हेंबर

सकाळी दुकानाच्या दारात लायब्ररीवाल्या बाई उभ्या होत्या.

डोकं भादरलेलं, टाके दिसत होते. हातात काठी. मागे यजमान, तोंडाला रंग नाही. खाडीपलीकडे दोन-अडीच आठवडे बेशुद्ध होत्या. परवा स्वतःचं नाव सांगता आलं, काल यजमानांना निरोप पोचला.

मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "तुमची धाकटी नीट पोचली ना घरी?"

मी विचारलं, "तुम्हाला कुठं भेटली ती?"

"ओलीचिंब होऊन आली होती हो माझ्या दारात, थडथड कापत होती. मी म्हटलं, ते काढ आधी, माझा हिरवा घाल. मोठा झाला तिला. थांब म्हटलं, तर ऐकेना. पोरगी वाट बघतेय म्हणाली, आणि निघाली."

यजमान माझ्याकडे बघत नव्हते. त्यांना माझ्या आधी कळलं होतं. मी आतून खुर्ची आणून बाईंना बसायला दिली.

आता ते गेलेत. भाऊजी बोटीवर आहेत. अकरा वाजलेत. चिमणी साडेबाराला शाळेतून येते.