किटलीची तिसरी निवडणूक

५ नोव्हें.
यांनी अर्ज मागे घेतला नाही. आमदारकीला अपक्ष, तिसऱ्यांदा. चिन्ह पुन्हा किटली. दोन्ही खेपेला डिपॉझिट गेलं तरी मास्तरांचं तेच : ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं गावात राहून शिकली पाहिजेत, वसतिगृह पाहिजे. म्हटलं, "आमदार न होताही करता येईल की." हे पत्रकं मोजत बसले.

१२ नोव्हें.
दिवाळी झाली, निम्मं गाव तोडीला गेलं. ज्यांच्यासाठी उभे राहिले तेच इथं नाहीत. प्रचार कुलपांपुढं. एक म्हातारी म्हणाली म्हणे, "मास्तर, तुमी लई चांगले हाय. पन चांगल्या मान्सानं ह्यात पडू नये." हे हसत सांगत होते. मला नाही हसू आलं.

२० नोव्हें. मतदान
दुपारी पुणतांब्याकडून तोडकऱ्यांचे टेम्पो आले. आमदाराच्या माणसांनी आणलेले. त्यात यांची धाकटी बहीण मंगल, गावातच दिलेली, दोन्ही पोरांसकट. मत देऊन घरी आली, उभ्या उभ्या भाकरी खाल्ली. मत कुणाला, हे विचारायचं नव्हतं, विचारलंच.
"वैनी, मुकादमानं पोरांच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घ्यायला लावली. काय करू?" जाताना म्हणाली, "दादाला नगा सांगू."
नाही सांगितलं.

२३ नोव्हें. निकाल
तोच आमदार, तोच गुलाल. डिपॉझिट गेलं. गावच्या बूथवरही हे तिसरे. "आपल्या गावात सुद्धा?" एवढंच म्हणाले. मंगलचं ओठावर आलेलं गिळलं. मिरवणूक दारावरून गेली तर यांनी उठून हात जोडले! चीड आली. यांची, गावाची, का माझीच...

१ डिसें.
मंगलचा फोन. "थोरलीची शाळा बुडाली वैनी. दोगांना तुमच्याकडं ठिवता का? टोळीतल्या आनखी बायका इचारत्यात."
तडकलेच. "मताला दादा नाही, पोरं सांभाळायला दादा?"
ती हळूच, "मत न्यायला गाडी आली वैनी. पोरांना न्यायला कोन येनार?"
फोन यांच्याकडे दिला. "किती पोरं आहेत?" एवढंच विचारलं यांनी.
आता पुढची खोली झाडतायत. उरलेली पत्रकं अंगणात. चेहरा असा की जणू निवडून आलेत.
रांधायचं कुणी, हे मला अजून विचारलेलं नाही.