अंकिताताईच्या पाठीमागे कोण?

शुक्रवार पेठ, सोलापूर

तीर्थस्वरूप रामहरीमामांच्या चरणी उत्कर्षाचा साष्टांग नमस्कार.

(तुम्ही फोन बंद करून ठेवलाय, म्हणून हे पत्र.) मामी बऱ्या असतील, म्हैस दूध देत असेल आणि तुमचा राग जागच्या जागी असेल, असं धरून चालते. इथं सगळे खुशाल म्हणावं तर आई कालपासून जेवली नाही, आणि लग्न परवावर आलंय.

ताईची मंगलाष्टकं मी लिहिणार होते. पण दुसऱ्या कडव्याला यमक सापडेना आणि सोमेशदादाला (काकांचा मुलगा, पुण्याहून शिकून आल्यापासून त्याला कुठलंच काम अवघड वाटत नाही) दम निघेना. त्यानं एआयला सांगितलं, आणि माझा चहा निवायच्या आत आठ कडवी हजर! मी म्हटलं, ही चोरी आहे. तो म्हणाला, "अगं, आता समदेच करत्यात की!" ताई म्हणाली, चालेल, फक्त कुणाला सांगू नका. (आमच्या पिढीचं एकमत ते हे असं.)

पुढचं तुमच्या देखतच झालं. काल तालमीला त्यानं माइकवर खणखणीत म्हटलं, 'वधूच्या पाठीशी उभे काका'. नवरीमागं मामा उभा राहतो हे तुमच्या जेऊरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एआयला कुणी सांगितलंच नव्हतं. वर काकांनी फेटा सावरला! तुम्ही एवढंच म्हणालात, "मग मामा हितं कशाला हाय?" आणि पिशवी उचलून चालते झालात. मला आधी हसू आलं, मग मी तुमच्यामागं धावले. मामा येईपर्यंत बोहल्यावर चढणार नाही, असं म्हणून ताई रडतेय. मला खरंच भीती वाटतेय, मामा.

आज मी स्वतः लिहायला बसले. 'मामा रामहरी पाठीशी, ताईला भीती कशाची'. वृत्तात बसत नाही म्हणून सोमेशदादा हसला. हसू दे. हे कडवं तुम्हीच म्हणायचं आहे, आणि तुम्ही सूर लांबवताच.

तुमची भाची,
उत्कर्षा

ता. क. : मामाकडची पिवळी साडी तुमच्याच पिशवीत गेलीय. दुकानात पिवळ्या साड्या ढीगभर आहेत, पण त्या मामाच्या नव्हेत. शेजारचे इमामसाब टेम्पो घेऊन जेऊरला येतायत, हे पत्र तेच देतील. साडी त्यांच्या हाती देऊ नका. साडीसकट तुम्हीच टेम्पोत बसा.

आणखी एक : सोमेशदादानं ताईच्या नावानं तुमची माफी मागणारं पत्रही एआयकडून लिहवून, छापून आणलं होतं. एक खाडाखोड नाही. वाचून आईचे डोळे भरले, मलाही हेवा वाटला. हेच पाठवू, असं म्हणत ताईनं सहीसाठी पेन उघडलं, शेवटची ओळ वाचली आणि कागद टराटरा फाडला. खाली छापलं होतं, 'तुमची लाडकी पुतणी'.