डावखुरा विळा

रबाळे,
५ जानेवारी २०२५

चि. अंकुश,

जय भीम. मी बरी आहे. गुडघे दुखतात, पण तुझ्या एकसष्टीच्या धामधुमीत माझ्या गुडघ्यांचं काय!

पत्रिका मिळाली. कागद इतका जाड की माझ्या नातीने, संघमित्राने, ती दुधावर झाकण म्हणून ठेवली. ‘शेतमजुरांचा ढाण्या वाघ’ वाचून पोट धरून हसले. वाघ! बैलाने शिंगं हलवली तरी माझ्या लुगड्यामागे लपायचास. शेतात यायचास ते भाकर पोचवायला, तीही अर्धी वाटेत खाऊन.

तुझ्या त्या सेक्रेटरीचा, अभयचा फोन आला होता. “आत्या, साहेबांच्या स्ट्रगलवर दोन मिनटं बोला, टेन्शन नका घेऊ, मीच लिहून देतो.” लिहून देतो म्हणे! तू शिकावंस म्हणून मी सातवीत शाळा सोडली, पण अक्षरं विसरले नाही.

पत्रिकेवरच्या फोटोत तू विळा उंचावला आहेस. खाली छापलंय, ‘याच विळ्याने साहेबांनी मजुरी केली.’ उजव्या हातात धरलायस, गाढवा! गावच्या लोहाराने उलट्या अंगाला धार लावून माझ्यासाठी केलेला डावखुरा विळा आहे तो. उजव्या हाताने चालवला तर ज्वारीच्या ताटावरून नुसता घसरतो. शेतमजुरांचा पुढारी तीस वर्षं तो मिरवतोय आणि त्याला एवढंही कळलं नाही. तुझ्या भोवतालच्या एकाने तरी कधी कापणी केली असती, तर तो हसला असता.

तीस वर्षांमागे ज्वारी काढणीला आली तेव्हा आम्ही बायांनी विळे खाली ठेवले. मागणी एकच, बाईला गड्याएवढी मजुरी. तू शिकलेला, म्हणून बोलणी तुझ्यावर सोपवली आणि मीच माझा विळा तुझ्या हातात दिला. अकराव्या दिवशी संप मिटला. गड्यांची मजुरी वाढली, बायांचं ‘पुढच्या सुगीला बघू’. ती सुगी अजून यायची आहे. तू मात्र त्याच साली युनियनचा अध्यक्ष झालास, मग कुठल्याशा महामंडळावर गेलास, मग नेरूळच्या सोसायटीत.

इथवर लिहून पत्र दोन दिवस तसंच ठेवलं होतं. आता लिहितेच.

संप मिटायच्या आदल्या दुपारी, संपात सगळ्या बायांच्या पुढे असलेल्या बायजाबाईने मला बांधावर गाठलं. “पुतळाक्का, अंकुश मालकाच्या घरी जेवाय बसला हुता म्हनं. खरं हाय का?”

ज्या घरात आपल्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे, तिथून तुला हात पुसत निघताना मी पाहिलं होतं. एका पाटावर विकला गेलास. तरी मी म्हणाले, “माझा भाऊ हाय त्यो. इकला जायचा न्हाय.”

तिने विश्वास ठेवला, म्हणून बाकीच्याही गप्प बसल्या. पुढे मालकांनी सगळ्यांत आधी तिलाच कामावरून तोडलं. ती गाव सोडून उरणला आली. अंकुश, तुझी मला किळस येते. पण त्याआधी माझी येते.

समारंभाला येईन. अभयचा कागद नको. स्टेशनमागचं मूठभर गवत आणते, सगळ्यांसमोर उजव्या हाताने कापून दाखव. नाही जमलं तर विळा माझ्याकडे दे आणि खाली बस.

पुढच्या रांगेत एक खुर्ची ठेव. बायजाबाईला घेऊन येतेय. तिने विचारलेलं तिला पुन्हा विचारू देणार आहे, माईकवर.

एकदाच खोटं बोललेली तुझी बहीण,
पुतळा