सगळ्यात जुनं गिऱ्हाईक

प्रिय टिल्लू,

त्या सकाळी दूध उतू गेलं होतं आणि मी ओटा पुसत होते. नळाला पाणी बारीक होतं म्हणून बादली तिरकी लावून ठेवली होती. तू एक मोजा पायात घालून दुसरा शोधत घरभर फिरत होतास, आणि तुझे बाबा दाराशी बसून बुटांना पॉलिश करत होते. म्हणजे रोजच्यासारखीच सकाळ, फक्त पॉलिश संपत नव्हतं. डावा बूट लखलखायला लागला तरी ब्रश फिरतच होता. आदल्या दिवशी त्यांच्याकडे देखभालीला असलेल्या सातमजली इमारतीतली लिफ्ट एक धक्का खाऊन दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आत एक म्हाताऱ्या बाई, किराण्याच्या पिशव्या घेऊन. लागलं कुणालाच नाही, पण बाहेर काढल्यावर त्या बाई म्हणाल्या, या पेटीत आता मी पाय ठेवायची नाही. बाबांनी ती लिफ्ट आठवड्यापूर्वीच तपासली होती. ब्रेकचे लायनर झिजत आलेत, बदला, असं त्यांनी सांगितलंही होतं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू, चालतेय ना लिफ्ट? आणि तुझ्या बाबांनी मान हलवली. एवढंच.

मी म्हटलं, आज जाऊ नका, कंपनी दुसरा माणूस पाठवेल. त्यांनी चहा प्यायला, तुझा मोजा उशीखालून काढून दिला, हत्यारांची पेटी उचलली आणि गेले. दुपारपर्यंत नवे लायनर बसवले. मग घरी यायचं सोडून संध्याकाळपर्यंत लिफ्टमध्ये उभे राहिले. जो येईल त्याच्याबरोबर वर, जो येईल त्याच्याबरोबर खाली. लोक तोंडावर बोलले, काही नुसतेच तोंड फिरवून उभे राहिले. घरी आल्यावर मी विचारलं, त्या आजींचं काय झालं? तर बूट काढता काढता म्हणाले, “आज दोनदा वर गेल्या. दुसऱ्यांदा काही काम नव्हतं.” पुढे त्या लिफ्टचा विषय घरात कधी निघाला नाही.

तुला हे आठवत नसेल. मला मात्र गेले काही दिवस ओटा पुसताना रोज आठवतं. तीन रविवार तुझा फोन नाही. मी का म्हणून विचारलं नाही, कारण पेपर मीही वाचते. पूर्वी मी पैशाचं पान फळीवर घालायला ठेवायचे, आता तेच आधी उघडते. शेअरबाजार कोसळलाय, छोट्या कंपन्यांचे फंड तर पार भुईसपाट झालेत, हे मला वाण्याच्या आधी कळतं. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला एवढं कळतं याचं श्रेय वाचनालयातल्या मुलीला दे. ती माझ्यासाठी गुंतवणुकीची पुस्तकं बाजूला काढून ठेवते. आधी तिला वाटलं होतं मी चुकून घेतेय, म्हणून पाककृतींचं कपाट दाखवत होती.

वाचायला मी का लागले ते तुला कधी सांगितलं नाही. बाबा गेल्यावर कंपनीकडून त्यांचे पैसे आले आणि तू ते कुठे ठेवायचे हे बघायला आलास. तेव्हा लोकांना गुंतवणुकीचा सल्ला द्यायचं तुझं ऑफिस नुकतंच सुरू झालं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तू माझ्यासमोर असा बसलास जसा परक्या माणसासमोर बसतात, वही उघडून. मला रागच आला. तू म्हणालास, “आई, यातले कुठले पैसे कधी लागतील ते सांग.” मी म्हटलं, मला काय कळतं. मग तू उठलास आणि आपली फळी दाखवलीस. चहा-साखर हाताशी, वर्षाचं धान्य वरच्या फळीवर, आणि जे इतक्यात लागणार नाही ते माळ्यावर. पैशाचंही तसंच, म्हणालास. घराची गळती, माझा चष्मा, दातांचं काम, हे सगळं हाताशी. शेअरचे फंड म्हणजे माळा. तिथलं उतरवायला शिडी लागते, आणि घाई असली की नेमकी तेव्हाच शिडी सापडत नाही. नंतर मी जाडजाड पुस्तकांत पोर्टफोलिओवरची प्रकरणं वाचली, पण तुझ्या त्या फळीपलीकडे त्यांत फारसं काही नव्हतं.

मग तू विचारलंस, किती वर्षांचा हिशेब धरू? मी म्हटलं, धर चार-पाच. मला त्याहून जास्त नकोच होती. तू वाद घातला नाहीस, समजूतही काढली नाहीस. पेन उघडून म्हणालास, “मी वीस धरतोय.” तुला ठाऊक नाही, त्या क्षणी मला तुझा किती संताप आला. एवढी वर्षं मी काढायची कशाने? तू गेल्यावर दोन दिवस मी माळ्याकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी वाचनालयात नाव घातलं. वीस वर्षं जर कुणी माझ्या नावावर मांडूनच ठेवली असतील, तर निदान ती कुठे ठेवलीत ते तरी समजावं. बाबांचे बूट अजून दाराशीच आहेत, तू मागच्या खेपेला पाहिलेस. महिन्यातून एकदा मी त्यांना पॉलिश करते. कोणी घालणार नाही हे मला कळतं, पण चामडं तडकू द्यायचं नाही.

गेल्या वर्षी तुझ्याकडे आले होते तेव्हा तुझ्या ऑफिसच्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचे, ते तुला आवडलं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणू नको, क्लायंट म्हण, असं तू मला दोनदा बजावलंस. पण त्या एका बाजूला खचलेल्या सोफ्यावर बसून मी फार शिकले. ती दातांची डॉक्टर आठवते? तिच्याकडे पेशंट फोनवर वाचून येतात आणि तिलाच औषध सांगतात, म्हणून ती माझ्यापाशी तणतणत होती. आणि स्वतः भाच्याने फोनवर पाठवलेली पाच शेअरची नावं घेऊन आली होती, यातला दुप्पट कुठला होईल ते विचारायला. मला तेव्हा वाटलं, तुझ्याकडे सल्ला मागायला फार थोडे येतात. बाकीच्यांचं घरूनच ठरलेलं असतं. त्यांना फक्त मान हलवणारा हवा असतो, म्हणजे उद्या बोट दाखवायला जागा राहते.

ते निवृत्त बसड्रायव्हरही तिथेच भेटले. मला तुझी आई नाही, गिऱ्हाईकच समजले. तुमचे किती वाढले, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझे सावकाश वाढतात. त्यांना माझी दयाच आली. त्यांच्या शेजाऱ्याचे वर्षात दुप्पट झाले होते. बायकोचे गुडघे गेलेत, पुढच्या वर्षी तळमजल्यावरचं घर घ्यायचंय, थोडे कमी पडतात, असं सगळं त्यांनी मला पाच मिनिटांत सांगितलं. म्हणाले, जन्मभर चाळीसच्या वर गाडी नेली नाही हो, आता एकदा पळवू द्या. मग ते आत गेले. तुझं दार नीट लागत नाही, ते दुरुस्त करून घे. तू त्यांना नाही म्हणालास ते मी ऐकलं. वर्षभरात लागणारे पैसे आहेत, छोट्या कंपन्यांच्या फंडात घालू नका, असं तू परत परत, वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितलंस. ते हसले, चिडले, शेजाऱ्याचं नाव काढलं, दुसरीकडे जातो म्हणाले. शेवटी दाराच्या फटीतून तुझी मान हललेली मला दिसली. ते बाहेर आले तेव्हा खुशीत होते. जाताना मला म्हणाले, तुमच्यासाठीही सांगू का साहेबांना?

टिल्लू, तुला बोल लावायला हे लिहीत नाही. बाजार तू पाडला नाहीस. तेवढी तुझी ताकद असती तर तू शाळेतच गणितात पास झाला असतास. पण ती मान तू हलवलीस, आणि तुला झोप लागत नसेल तर ती त्या एका मानेपायीच, बाजारापायी नव्हे. मी तुझ्या बाबांबरोबर इतकी वर्षं राहिले, मला हे ओळखू येतं. लायनर झिजलेले आहेत हे ज्याला माहीत असतं त्यालाच धक्क्याचा आवाज जास्त मोठा ऐकू येतो.

आता हे पत्र का, ते लिहिते. परवा दुपारी सूनबाईचा फोन आला. ती रडली नाही, पण भांडी घासता घासता बोलत होती, म्हणजे तू शेजारच्या खोलीत होतास. तू दिवसचे दिवस ऑफिसला जात नाहीस, फोन पालथा घालून ठेवतोस, साहेब बाहेरगावी आहेत असं लोकांना सांगायला लावतोस, हे तिने सांगितलं. महिनाअखेर ऑफिस बंद करून कुठेतरी नोकरी धरणार आहेस, हेही. आणि ते ड्रायव्हर रोज सकाळी येतात म्हणे. भांडत नाहीत, ओरडत नाहीत. सोफ्यावर बसतात, कोपऱ्यातल्या झाडाला पाणी घालतात आणि जातात. दुसऱ्या दिवशी मी भांडी आवरली, पाणी भरलं, बाबांच्या बुटांना पॉलिश केलं आणि तुझ्या ऑफिसात फोन लावला. तुझ्या मदतनीस बाईंना आई आहे असं सांगितलं नाही. म्हटलं, जुनं गिऱ्हाईक आहे, दहा वर्षं तरी हात लावावा लागणार नाही असे थोडे पैसे माझ्याकडे आहेत, भाव उतरलेत तेव्हा शेअरच्या फंडात घालायचे म्हणते, पण साहेबांना विचारल्याशिवाय घालणार नाही. त्या चाचरल्या, साहेब बाहेरगावी आहेत म्हणाल्या. मी म्हटलं, सोमवारपर्यंत येतील. मग म्हणाल्या, सकाळी पहिले ते ड्रायव्हर आजोबा असतात. मी त्यांच्या पाठची वेळ मागून घेतली, आणि स्टँडवर जाऊन रविवारच्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं.

तुझीच,
सोमवारी येणारी
आई