अनोळखी विहीणबाईंना मायना काय लिहावा

काळाचौकी, मंगळवार

तीर्थरूप तात्यांस,

श्रीधरचा शिरसाष्टांग नमस्कार. (नियमाने काकांना 'तीर्थस्वरूप' लिहितात, 'तीर्थरूप' फक्त आईवडिलांना. पण बाबा गेल्यावर या खोलीत मला तुम्ही वाढवलंत, तेव्हा ही चूक जाणूनबुजून केलेली आहे, कोणी दाखवू नये.) गुडघा कसा आहे? काकीचं पित्त? गेले तीन रविवार मी फोन करतो आणि काकी सांगते, "ते गोठ्यात गेलेत." तात्या, गाय तुम्ही दिवाळीतच विकलीत. आपल्या नूपुरने परेरांच्या रॉयस्टनशी लग्न ठरवलं हे तुम्हाला रुचलेलं नाही, ते मला कळतं. म्हणून त्या विषयावर मी एक अक्षर लिहिणार नाही. हे पत्र केवळ मायन्यासंबंधी आहे.

पत्रलेखन मला कोणी शिकवलं नाही हे तुम्ही जाणताच. दहावीनंतर लोअर परळच्या ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर बसलो आणि एकोणतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं नोंदवता नोंदवता ती विद्या स्वतः कमावली. चाळीतला एकही अर्ज, मग तो पाण्याचा असो, गटाराचा की जिन्यातल्या दिव्याचा, माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. असा मी, आणि अशा मला माझी नूपुर म्हणाली, "बाबा, रॉयस्टनच्या घरी एकदा फोन करा ना." मी म्हटलं, मुलीचा प्रश्न आहे, पहिला संपर्क लेखीच पाहिजे. तिने ईमेलचा पत्ता दिला तो 'परेरा होम' असा. म्हणजे ते पत्र उघडणार कोण? वडील रूपर्ट, की आई व्हायोला? दोघांपैकी एकालाही मी पाहिलेलं नव्हतं. शिवाय परेरा म्हटल्यावर पत्र इंग्रजीतच जायला हवं, हे मी मनाशी ठरवून टाकलं. (हे लक्षात ठेवा, पुढे माझी फजिती इथूनच सुरू होते.)

तीन दिवस मायन्यात गेले. 'डिअर मिसेस परेरा' असं लिहिलं, तर मीनाक्षी माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "लिहा की! मला लग्नाच्या चोवीस वर्षांत एकदाही नाही लिहिलंत." ते खोडलं. 'रिस्पेक्टेड सर/मॅडम' लिहिलं, पण सुखाने नांदणाऱ्या नवराबायकोच्या मधे आपण तिरपी रेघ मारायची, हे मला बरं दिसेना. नुसतं 'सर' लिहावं आणि बाईंनी उघडावं, तर पहिल्याच ओळीत अपमान. रॉयस्टन म्हणाला, "अंकल, 'हॅलो ऑल' टाका ना." (मुलगा चांगला आहे, तात्या, पण 'हॅलो ऑल' हे काय सोयरिकीचं पत्र आहे की सोसायटीची नोटीस?) शेवटी, कुणीही उघडलं तरी कुणाचा मान जाऊ नये म्हणून, ऑफिसात बावनकशी मानला जाणारा मायना मी निवडला : 'टू हूम इट मे कन्सर्न', म्हणजे 'ज्या कोणाचा संबंध असेल त्यास'.

मजकूर नेटका झाला होता. फक्त सांगाडा म्हणून मी मागच्या महिन्यातला पाण्याचा इंग्रजी तक्रारअर्ज वापरला होता आणि पाठवून झाल्यावर पाहतो, तर त्याची शेवटची ओळ तशीच राहिलेली : 'सात दिवसांत योग्य ती कार्यवाही न झाल्यास आम्हांस वरिष्ठांकडे दाद मागावी लागेल.'

सात दिवस उत्तर नाही. नूपुर रागावली असती तर परवडलं असतं. ती चहाचा कप हातात घेऊन गॅलरीत उभी राहायची आणि चहा तसाच निवायचा. "तुमचं इंग्रजी पोरीच्या मुळावर आलं," मीनाक्षी म्हणाली, आणि मी पाठवलेलं पत्र उघडून पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला बसलो.

आठव्या दिवशी, रविवारी सकाळी, दारात एक उंच बाई, मागे फुग्यांचा डबा घेतलेले गृहस्थ. (फुगे म्हणजे त्यांच्याकडचे पिठाचे तळलेले गोळे, गॅसचे नव्हेत.) बाईंच्या हातात माझी ईमेल, छापलेली, जागोजागी लाल पेन. व्हायोलाबाई गिरगावात एका वकिलांकडे एकतीस वर्षं स्टेनो होत्या, हे मला तेव्हा कळलं.

"श्रीधरराव," त्या चक्क आपल्या मराठीत म्हणाल्या, "'टू हूम इट मे कन्सर्न' मी माणूस नोकरी सोडताना त्याच्या दाखल्यावर टाईप करायचे. तुमची पोरगी कुठली नोकरी सोडते?"

मी म्हटलं, "बाई, उघडणार कोण ते ठाऊक नव्हतं."

"आणि हे वरिष्ठ कोण? आमचे फादर, की माझी सासू? सासू असेल तर दाद मागू नका, मी तेहतीस वर्षं मागून बसलेय."

"कन्सर्न मलाही आहे," रूपर्टराव डबा उघडत म्हणाले, "पण आमच्या घरात मला कोण विचारतंय?"

नूपुर हसली, तात्या. आठ दिवसांनी. मीनाक्षीने पदर डोळ्यांना लावला आणि फोडणीचा धूर म्हणून सांगितलं. (गॅस बंद होता.) मग बाईंनी माझ्या शेजारी बसून एकेक चूक समजावली. सतरा निघाल्या. त्यांपैकी दोन मला आजही मान्य नाहीत.

मायन्यासंबंधी एवढंच. गुडघ्याला जपा. काकीच्या पाया पडतो.

तुमचा,
श्रीधर

ता. क. साखरपुडा पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, दादरला. काकीची साडी हिंदमाताच्या दुकानातून घेतली. रंग तिनेच व्हिडिओ कॉलवर पसंत केला. ती चार दिवसांसाठी येतेच आहे. त्या चार दिवसांत तुमच्या जेवणाचं काय, ते बोलली नाही.

ता. क. २. "घरात मोठं कोण?" असं व्हायोलाबाईंनी विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग त्यांना मीच लिहिते. मायना काय घालू?" तात्या, मला सांगता आलं नाही. तो नात्यावर ठरतो, आणि नातं मान्य करणं तुमच्याकडे आहे. तेव्हा वरची ओळ कोरी ठेवून बाकीचं पत्र त्यांनी लिहून टाकलंय. शनिवारपर्यंत मिळेल. तुम्ही त्यांचे कोण लागता, तेवढं त्या ओळीत भरून परत करा. कणकवलीहून टपालाला चार दिवस लागतात. स्वतः घेऊन आलात तर एका रात्रीत पोचेल.